माहितीचें वेषांतर

आमच्या एका वाचकभगिनींनीं एक मार्मिक प्रश्न आमच्याकडे पाठविला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील चार कमावत्या माणसांचीं प्राप्तिकराचीं पत्रकें भरण्याचें काम पुष्कळ वर्षें त्यांच्याकडेच आहे. करनिर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंत पत्रक भरून झालें कीं संगणकावर जी फाईल तयार होई तिच्या नांवाच्या शेवटीं ‘एक्सएमएल’ हीं अक्षरें असत. २०२१-२२ पासून त्या जागीं ‘जेसन’ हें नवें शेपूट आलें. ‘आकडे तेच, नांवें तींच, करहि तोच, मग हा वेषपालट कशासाठीं? आणि एका वेषांतून दुसऱ्या वेषांत जातांना आंतल्या माणसास कांहीं इजा तर होत नाहीं ना?’ असें त्यांनीं विचारलें आहे.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचें उत्तर कोणीहि जाणता तरुण देऊं शकेल. दुसरा भाग मात्र फार थोडे लोक विचारतात, आणि खरें महत्त्व त्यालाच आहे. कारण हें वेषांतर केवळ प्राप्तिकरापुरतें नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘यूपीआय’ पद्धतीनें आपण भाजीवाल्यास चाळीस रुपये देतों, तेव्हां हातांतील फोन आणि अ‍ॅप चालविणारी कंपनी यांचें संभाषण बहुधा जेसनमध्यें होतें. परंतु नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें बँकांचा निरोप एक्सएमएलमध्यें जातो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा कराचें पत्रक घरीं बसून तयार करावयाचें तर त्याची फाईल जेसनमध्यें बनते. उलट, आधार क्रमांकाची ओळख कागदाशिवाय पटवितां यावी म्हणून प्राधिकरणानें जी फाईल देण्याची सोय केली ती एक्सएमएलमध्यें. तात्पर्य, एका घराच्या एका दिवसाच्या व्यवहारांत माहितीला कितीक वेळां कपडे बदलावे लागतात. ते कपडे कोण बदलतो, आणि बदलतांना काय हरवूं शकतें, हें सुशिक्षित कुटुंबास ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम या दोन वेषांची ओळख करून घेऊं.

पूर्वीं छापखान्यांत लेखकाचें हस्तलिखित खिळे जुळविणाऱ्याच्या हातीं जाण्यापूर्वीं संपादक त्यावर खुणा करीत असे. हें वाक्य जाड टाइपांत, हें तिरप्या टाइपांत, येथें नवा परिच्छेद, अशा त्या खुणा. इंग्रजींत या कामास ‘मार्कअप’ म्हणत. १९६९ सालीं आयबीएम कंपनींतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या तिघांनीं ही कल्पना संगणकावर आणली, आणि तींत एक मोलाची सुधारणा केली. मजकूर कसा दिसावा हें खुणेनें सांगावयाचें नाहीं. तो काय आहे हें सांगावयाचें. ‘हा मोठा टाइप’ असें न लिहितां ‘हें प्रकरणाचें नांव’ असें लिहावयाचें. टाइप कोणता वापरावा तें मागाहून ठरवितां येतें. त्यांच्या भाषेस पुढें ‘जीएमएल’ हें नांव पडलें. तीं तीन अक्षरें या तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरेंहि आहेत. १९८६ सालीं याच कल्पनेस आंतरराष्ट्रीय मानकाचें रूप मिळालें. तें मानक मोठें आणि अवघड होतें. म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें त्याचें आटोपशीर रूप तयार करून १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रसिद्ध केलें. तेंच एक्सएमएल. टिम ब्रे, जीन पाओली आणि मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन हे त्याचे संपादक होते.

एक्सएमएलमध्यें प्रत्येक गोष्टीच्या मागें व पुढें तिच्या नांवाची खूण असते. नांव कोणतें द्यावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. तें देवनागरींत दिलें तरी चालतें. आपल्याकडील अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत आणि आतां तरुण मंडळी ते संगणकावर उतरवूं लागली आहेत. म्हणून तेथीलच उदाहरण घेऊं.

<गृहस्थ पिढी="७">
<मुलगा>ज्येष्ठ</मुलगा>
<मुलगा>धाकटा</मुलगा>
</गृहस्थ>

यांत ‘मुलगा’ हा गृहस्थाच्या पोटांतील घटक आहे. ‘पिढी’ हें गृहस्थाच्या नांवास जोडलेलें विशेषण आहे. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढचें सर्व समजेल.

जेसनचा जन्म निराळ्या घरांत झाला. १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा तयार केली. त्या भाषेंत नांव आणि त्याचें मूल्य अशा जोड्या लिहिण्याची एक सुटसुटीत रीत होती. २००१ च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं केवळ तेवढीच रीत उचलून ती यंत्रायंत्रांतील निरोपांसाठीं वापरली. ‘मीं ती निर्माण केली नाहीं, मला ती सांपडली’ अशा अर्थाचें क्रॉकफर्ड यांचें स्वतःचें सांगणें आहे. २०१३ सालीं तिचें पहिलें औपचारिक मानक निघालें आणि २०१७ सालीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. वरील गृहस्थ जेसनमध्यें असा दिसेल :

{"गृहस्थ": {"पिढी": "७", "मुलगा": ["ज्येष्ठ", "धाकटा"]}}

येथें महिरपी कंसांत नांव-मूल्यांच्या जोड्या येतात आणि चौकोनी कंसांत यादी येते. मूल्यांचे प्रकार मोजकेच : जोड्यांचा संच, यादी, मजकूर, संख्या, होय-नाहीं, आणि ‘रिक्त’. संख्या म्हणून केवळ इंग्रजी अंकच चालतात. आपला ‘७’ लिहावयाचा तर तो मजकूर म्हणून अवतरणचिन्हांतच ठेवावा लागतो. शेवटीं नांव पुन्हां लिहावें लागत नाहीं, म्हणून फाईल लहान होते. आणि जावास्क्रिप्ट समजणाऱ्या प्रत्येक यंत्रास ती सहज वाचतां येते. फोनवरील अ‍ॅपांच्या काळांत जेसनचा प्रसार झाला तो बहुतांशीं या दोन सोयींमुळें.

थोडक्यांत सांगावयाचें तर एक्सएमएल ही खुणा केलेल्या पोथीची जात आहे आणि जेसन ही घरांतील खतावणीची. पोथींत वाक्यें असतात, त्यांचा क्रम असतो. खतावणींत खातीं असतात, आणि प्रत्येक खात्याखालीं रकमा. पोथीची खतावणी करावयाची म्हटलें म्हणजे अडचणी कोठें येतील याची कल्पना वाचकांस आतांच आली असेल. त्या एकेक पाहूं.

पहिली अडचण विशेषणाची. जेसनमध्यें विशेषण असा वेगळा प्रकारच नाहीं. वरील उदाहरणांत ‘पिढी’ आणि ‘मुलगा’ हीं दोन्हीं सारख्याच जोड्या झालीं. पिढी ही पोटची नसून वर चिकटविलेली होती, ही खूण पुसली गेली. ही खूण राखण्यासाठीं लोकांनीं निरनिराळे संकेत काढले. ‘बॅजरफिश’ नांवाचा संकेत विशेषणाच्या नांवापूर्वीं एक चिन्ह लावतो आणि मूळ मजकुरास दुसरें चिन्ह देतो. फाईल ओबडधोबड होते, पण कांहीं टाकून देत नाहीं. ‘पार्कर’ नांवाचा संकेत विशेषणें सरळ गाळून टाकतो. फाईल सुबक होते, पण पिढीच नाहींशी होते. दोन माणसांनीं दोन संकेत वापरले तर एकाच फाईलीचीं दोन रूपें होतात, आणि ‘जेसन केलें’ असें दोघेहि खरेंच सांगतात.

दुसरी अडचण एकुलत्या एका मुलाची, आणि ती सर्वांत अधिक उपद्रवी. वर दोन मुलगे होते म्हणून यंत्रानें यादी केली. आतां एका गृहस्थास एकच मुलगा आहे असें समजा, आणि त्याचें नांव ‘राम’. एक्सएमएलमध्यें ‘मुलगा’ ही खूण एकदांच येईल. यंत्रास पुढें काय दिसतें? एक नांव, एक मूल्य. तें बापुडें यादी न करितां साधी जोडी करून मोकळें होतें : "मुलगा": "राम". म्हणजे दोन मुलगे असतील तर यादी आणि एक असेल तर नुसता मजकूर, असें दुहेरी रूप त्याच रकान्यास येतें.

पुढें जी आज्ञावली ही माहिती वाचते ती यादीच येणार असें धरून लिहिलेली असते. मुलगे किती, असें तिनें विचारलें तर तिला यादीच्या ऐवजीं मजकुराची लांबी मिळते. संगणकाच्या हिशेबीं ‘राम’ या शब्दांत र, काना आणि म अशीं तीन चिन्हें आहेत. जावास्क्रिप्ट किंवा पायथन या भाषांतील साधी आज्ञा ‘तीन’ असेंच उत्तर देईल. पहिला मुलगा कोण, असें विचारलें तर ‘र’. एकुलत्या एका मुलाच्या बापास तीन मुलगे झाले आणि थोरल्याचें नांव ‘र’! हा विनोद नव्हे. अशा चुका रोजच्या कामांत घडतात आणि यंत्र त्यावेळीं तक्रारहि करीत नाहीं.

या चुकीचें विष असें कीं ती चांचणींत सांपडत नाहीं. आज्ञावली तपासणारा माणूस सहजच भरलें घर निवडतो. तीन मुलगे, दोन मुली, पांच नातवंडें. सर्व ठीक चालतें. मग महिन्यांनीं एखादें एकुलत्या मुलाचें कुटुंब येतें आणि घोटाळा होतो. कुलवृत्तांताच्या जागीं दुकानाचें बिल ठेवा : दहा जिनसांचें बिल बरोबर उतरतें, एका जिनसेचें बिघडतें. बँकेच्या खात्यांची यादी ठेवा : दोन खातीं असलेल्याचें काम होतें, एकच खातें असलेल्या विधवा आत्याबाईंचें अडतें. एकाकी माणसाचाच कागद नेमका अडकावा, हें आम्हांस या सर्व प्रकरणांतील सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगें वाटतें.

आणि ज्यास मूलच नाहीं त्याचें काय? ‘मुलगा’ ही खूण मुळींच येत नाहीं, म्हणून जेसनमध्यें तो रकानाच राहत नाहीं. ‘मूल नाहीं’ आणि ‘मुलांची माहिती मिळाली नाहीं’ या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत; कुलवृत्तांत लिहिणारा त्या कधीं एक करणार नाहीं. यंत्र मात्र त्या एक करून टाकतें. जेसनमध्यें रिकामी यादी, ‘रिक्त’ हें मूल्य आणि रकान्याचा अभाव या तीन गोष्टी वेगळ्या लिहितां येतात. परंतु कोणती केव्हां लिहावी हें यंत्रास आधीं कोणी तरी सांगितलें पाहिजे.

यावर उपाय ठाऊक आहेत. पायथन भाषेंतील ‘एक्सएमएलटूडिक्ट’ या साधनास ‘हा रकाना सदैव यादीच समज’ असें आधींच बजावितां येतें. ‘जेसन डॉट नेट’ या साधनांत तीच सूचना मूळ फाईलींत विशेषण म्हणून लिहितां येते. उपाय एका ओळीचा आहे. पण ती ओळ लिहिण्यासाठीं ‘मुलगे अनेक असूं शकतात’ हें ठाऊक असावें लागतें, आणि तें ज्ञान त्या एका फाईलींत नसतें. तें घराची रीत जाणणाऱ्या माणसापाशीं असतें.

तिसरी अडचण क्रमाची. एका कुटुंबांत प्रथम मुलगा, मग मुलगी, मग पुन्हां मुलगा अशीं तीन अपत्यें झालीं. एक्सएमएलमध्यें हीं तिन्हीं त्याच क्रमानें लिहिलीं जातील आणि तो क्रम पक्का असतो. जेसन करतांना यंत्र एका नांवाच्या गोष्टी एकत्र करतें : ‘मुलगा’ या नांवाखालीं दोघांची यादी आणि ‘मुलगी’ या नांवाखालीं एक नांव. मुलग्यांतला थोरला-धाकटा क्रम यादींत टिकला. परंतु मुलगी दोघांच्या मधली, हें कायमचें गेलें. जोड्यांच्या संचास क्रम नसतो असें जेसनचा नियमच सांगतो. तेव्हां ‘मुलगी’ आधीं लिहिली काय किंवा नंतर लिहिली काय, त्यावरून कांहींच ठरत नाहीं. पुष्कळ जुन्या कुलवृत्तांतांत मुलींचीं नांवें एक तर नाहींत किंवा शेवटीं एकत्र दिलेलीं आहेत, याची खंत आजच्या पिढीस वाटते. ज्यांत तीं जन्मक्रमानें लिहिलीं आहेत तेथूनहि एका बेसावध रूपांतरानें तीं पुन्हां बाजूस काढलीं जावीं, हें कोणास आवडेल?

याहून नाजूक प्रकार वाक्यांत गुंफलेल्या खुणांचा. असें वाक्य घ्या : ‘हे <गांव>वाईहून</गांव> <सन>१८१०</सन> च्या सुमारास <गांव>साताऱ्यास</गांव> आले.’ पोथींत हें अगदीं स्वाभाविक आहे; छापतांना खुणा काढल्या कीं वाक्य शाबूत. खतावणी करतांना मात्र यंत्र गांवें एका खात्यांत टाकतें, सन दुसऱ्या खात्यांत, आणि उरलेला मजकूर तिसऱ्यांत : ‘हे च्या सुमारास आले.’ सर्व शब्द आहेत, एकहि हरवला नाहीं, आणि तरी अर्थ गेला. असा मजकूर जेसनमध्यें ठेवावयाचाच तर वाक्याचे तुकडे क्रमानें एका यादींत मांडावे लागतात. तसें करतां येतें. पण साधें फुकटचें रूपांतरयंत्र तें आपण होऊन करीलच असें नाहीं.

चवथी अडचण आंकड्यांची. एक्सएमएलच्या दृष्टीनें सर्व कांहीं मजकूर. अमुक मजकूर ही संख्या आहे असें निराळ्या आराखड्यांत लिहावें लागतें. जेसनमध्यें संख्या आणि मजकूर हे आरंभींच वेगळे. तेव्हां रूपांतर करणारें कित्येक यंत्र अदमास करतें : सगळे अंक दिसले कीं ही संख्या. बँकेचा खातेक्रमांक ००४२ ने आरंभ होत असला तर तीं दोन शून्यें गळतात, कारण संख्येच्या आरंभींच्या शून्यास अर्थ नाहीं आणि जेसनमध्यें तें लिहूंहि देत नाहींत. खातेक्रमांक ही संख्याच नव्हे. कोणी दोन खातेक्रमांकांची बेरीज करीत नाहीं. तें अंकांनीं लिहिलेलें नांव आहे.

लांब क्रमांकांची गत याहून वाईट. जावास्क्रिप्टमध्यें साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ या पूर्णांकापर्यंतच निर्धास्तपणें राखली जाते. त्यापुढें जाऊन शेवटीं ९९३ असलेला क्रमांक दिला तर तो ९९२ असा वाचला जातो, तोहि निमूटपणें. ट्विटर कंपनीच्या संदेशांचे क्रमांक ही मर्यादा ओलांडूं लागले तेव्हां २०१० सालीं तिला प्रत्येक क्रमांक दोनदां पाठविण्याची पद्धत घालावी लागली : एकदां संख्या म्हणून आणि एकदां मजकूर म्हणून. अदमासाचा असाच फटका वैद्यकशास्त्रासहि बसला आहे. मानवी जनुकांच्या कांहीं नांवांचे आरंभ इंग्रजी महिन्यांच्या नांवांसारखे होते. तक्त्यांचें सॉफ्टवेअर त्यांस तारखा समजून बदलूं लागलें. अखेर २०२० सालीं नामकरण समितीनें जनुकांचींच नांवें बदललीं. यंत्राचा अदमास सुधारण्यापेक्षां शास्त्राची परिभाषा बदलणें सोपें वाटावें, यावरून या अदमासाची मगरमिठी केवढी आहे तें दिसून येईल.

पांचवी गोष्ट शिक्कामोर्तबाची. आधारच्या ज्या फाईलीचा उल्लेख वर केला तिच्यावर प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी त्या फाईलींतील अक्षरांवरून गणितानें काढलेली असते. अक्षर बदललें कीं ती जुळत नाहीं. एक्सएमएलपुरतें, विशेषणांच्या क्रमासारखे बाह्य फरक बाधक होऊं नयेत म्हणून एक ठराविक लेखनरूप २००१ सालीं ठरविण्यांत आलें आहे. परंतु तीच फाईल जेसनमध्यें नेली कीं ती स्वाक्षरी तिच्यावर पडताळतां येत नाहीं. परत एक्सएमएल केलें तरी मधल्या रिकाम्या जागा, क्रम, १००.५० चे झालेले १००.५, यांतील एखादी गोष्ट फिरलेली असण्याचा संभव असतो, आणि तेवढ्यानें मोहोर फुटते. राजमुद्रेच्या कागदाची स्वच्छ अक्षरांत नक्कल करून मूळ जाळून टाकण्यासारखें हें आहे. नक्कल वाचण्यास उत्तम. कचेरींत मात्र तिची किंमत शून्य.

उलट दिशेनें, म्हणजे जेसनचें एक्सएमएल करतांनाहि कांहीं अडथळे आहेतच. एक्सएमएलच्या प्रत्येक फाईलीस एकच मूळ घटक असावा लागतो. आपल्या वंशावळीस जसा एक मूळपुरुष. जेसनमध्यें नुसती यादीहि चालते, म्हणून तिला कृत्रिम मूळपुरुष द्यावा लागतो. जेसनमधील नांवांत मोकळी जागा चालते, नांव इंग्रजी अंकानें सुरू झालेलें चालतें. एक्सएमएलच्या खुणेस तें चालत नाहीं. तथापि ही दिशा त्यांतल्या त्यांत सुरक्षित आहे. २०१७ सालीं मान्य झालेल्या ‘एक्सएसएलटी’च्या तिसऱ्या आवृत्तींत यासाठीं खास सोय आहे : ती जेसनमधील प्रत्येक गोष्टीस ‘ही यादी’, ‘ही संख्या’, ‘हा मजकूर’ अशा त्याच्या प्रकाराच्या खुणा घालते, म्हणून तें रूप परत जेसन करितां येतें. उलट, कोणत्याहि एक्सएमएलचें जेसन करून देणारा सर्वमान्य असा एकच नियम नाहीं. आणि त्याच मानकांतील उलटें साधनहि केवळ या ठराविक खुणांचेंच एक्सएमएल स्वीकारतें. मानक लिहिणाऱ्यांनीं ज्याची हमी देतां येत नाहीं त्याची दिली नाहीं, हें आम्हांस प्रामाणिकपणाचें लक्षण वाटतें.

मग मार्ग कोणता? वंशावळींच्या क्षेत्रांतच त्याचा एक चांगला नमुना आहे. फॅमिलीसर्च या संस्थेनें ‘गेडकॉम एक्स’ नांवाची जी पद्धत ठरविली तींत प्रथम व्यक्ति म्हणजे काय, नातें म्हणजे काय, कोणती गोष्ट एक आणि कोणती अनेक, हें ठरविलें. आणि मग त्याच आराखड्याचें एक्सएमएल रूप निराळें व जेसन रूप निराळें लिहून दिलें. म्हणजे एका वेषाचा दुसरा वेष बनविला नाहीं. माणूस आधीं ओळखला आणि दोन्हीं वेष त्याच्या मापानें शिवले. सर्व रहस्य यांतच आहे.

ज्या घरांतील तरुण मुलेंमुली हीं कामें करतात त्यांस आमच्या चार सूचना आहेत. रूपांतर करण्यापूर्वीं प्रत्येक रकान्यासमोर ‘एक कीं अनेक’ आणि ‘संख्या कीं मजकूर’ हें कागदावर लिहावें. खातेक्रमांक, फोन, पिनकोड यांस नेहमीं मजकूरच मानावें. चांचणीसाठीं तीन घरें घ्यावींत : एक भरलेलें, एक एकुलत्या मुलाचें आणि एक निःसंतान, आणि अपत्यें क्रमानें मुलगा-मुलगी-मुलगा अशीं असलेलें चवथेंहि घ्यावें. शेवटीं, केलेलें जेसन परत एक्सएमएल करून मूळ फाईलीशीं ताडून पाहावें. जें जुळणार नाहीं तें कोठें हरवलें याचा शोध घ्यावा; आणि मूळ फाईल कधींहि काढून टाकूं नये.

आतां आमच्या वाचकभगिनींस उत्तर देऊं. आपल्या पत्रकाच्या बाबतींत चिंतेचें कारण थोडें आहे. कारण तेथें जुन्या एक्सएमएलचें जेसन केलें जात नाहीं. आपण रकाने भरतां आणि प्राप्तिकर खात्यानें प्रसिद्ध केलेल्या आराखड्याप्रमाणें साधन सरळ जेसनच लिहितें. वेष नवा आहे, वेषांतर नाहीं. परंतु जी आधीं भरलेली माहिती खात्याकडून फाईलरूपानें आपल्यास मिळते ती बँका आणि मालक अशा अनेक ठिकाणांहून गोळा होऊन आलेली असते, आणि वाटेंत तिनें किती वेळां कपडे बदलले हें आपणांस दिसत नाहीं. म्हणून ती तशीच पुढें धाडूं नये. खातेक्रमांकाचीं आरंभींचीं शून्यें पाहावींत, व्याजाच्या रकमा पासबुकाशीं ताडाव्यात, आणि ज्यांचें एकच खातें किंवा एकच घर आहे अशा वडील मंडळींचें पत्रक विशेष लक्ष देऊन तपासावें. मागील वर्षांच्या एक्सएमएल फाईली व त्यांच्या पोंचपावत्या आहेत तशाच जपून ठेवाव्यात. ‘नवें करून देतों’ असें कोणी म्हटलें तरी तें करून घेण्याची गरज नाहीं.

आणखी एक विनंती. घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर चढविण्याचें काम ज्या घरांत चाललें असेल तेथें तें एकट्या तरुणाच्या गळ्यांत घालूं नये. यादी कशी करावी हें त्यास ठाऊक असतें; पण कोणत्या बाईचें माहेरचें नांव कोणतें, कोणतें मूल दत्तक गेलें, कोणती मुलगी कोणाच्या पाठची, हें घरांतील आजीस ठाऊक असतें. दोघांनीं एकत्र बसून रकाने ठरवावेत, आणि मगच यंत्रास हात लावावा.